माणसासारखे चालणारे रोबो : पायांचा एवढा हट्ट कशासाठी?

गिअरबॉक्स

२०२५च्या एप्रिलमध्ये बीजिंगच्या अर्धमॅरेथॉनमध्ये माणसांच्या शेजारच्या मार्गिकेतून दोन पायांचे रोबो धावले. एकवीस उतरले, सहा पोचले. पहिल्या आलेल्या त्यानगोंग अल्ट्राला २ तास ४० मिनिटं लागली. वाटेत तीनदा बॅटरी बदलावी लागली आणि एकदा तो पडलाही. त्या चित्रफिती फिरायला लागल्यापासून ओळखीतले लोक मला एकच विचारतात, "आता कारखान्यांत हेच येणार ना?" म्हणून इथे सविस्तर लिहितोय. विरोधी मतं हवीच आहेत.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. चाकण पट्ट्यात वाहनांच्या लाइनवर सहा अक्षांचे रोबो आर्म, म्हणजे सहा सांध्यांवर फिरणारे यांत्रिक हात, बसवायचे आणि चालू करून द्यायचे, हा माझा धंदा. वेल्डिंग, सीलंट, प्रेसमधून पत्रा उचलणं वगैरे. माझं मत स्पष्ट आहे: दोन पायांवर चालणं हा संशोधनाचा विषय म्हणून फार मोठा आहे, पण कामाचं यंत्र म्हणून ती चुकीची निवड आहे.

फुकुशिमा घ्या. मार्च २०११ मध्ये अणुभट्ट्यांच्या इमारतींत माणसाला जाता येत नव्हतं. जिने, दारं, व्हॉल्व्ह, सगळं माणसाच्या मापाचं. दोन पायांच्या रोबोला याहून योग्य जागा शोधून सापडली नसती. जपानकडे होंडाचा दोन पायांचा आसिमो २००० सालापासून होता. आत काय गेलं? अमेरिकेचे, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे पॅकबॉट, आणि मग जपानचाच क्विन्स, तोही पट्ट्यांचाच. होंडाने २०१३ मध्ये तिथल्या दुसऱ्या अणुभट्टीच्या इमारतीसाठी यंत्र दिलं तेव्हा आसिमोच्या संशोधनातून घेतलं ते हाताचं तंत्र. तो हात बसवला पट्ट्यांच्या गाडीवर. ज्यांनी पंचवीसहून जास्त वर्षं पायांवर घालवली, त्यांनीच खरी गरज पडली तेव्हा पाय बाजूला ठेवले.

त्या दुर्घटनेनंतर अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने रोबोंची स्पर्धा लावली. अंतिम फेरी जून २०१५, पोमोना, कॅलिफोर्निया. गाडी चालवायची, उतरायचं, दार उघडायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, भिंतीला भोक पाडायचं, राडारोड्यातून जायचं, जिना चढायचा. वीस लाख डॉलरचं पहिलं बक्षीस कोरियाच्या काइस्ट संस्थेच्या ह्युबोने ४४ मिनिटं २८ सेकंदांत मारलं. त्याच्या गुडघ्यांशी चाकं होती! जिना आला की उभा राहायचा, एरवी गुडघे टेकून चाकांवर सरकायचा. इतर कित्येक रोबो दाराच्या मुठीशी झटताना, गाडीतून उतरताना सरळ आडवे झाले.

शिवाय ऊर्जा. आमचा आर्म थांबला की सांध्यांचे ब्रेक लागतात, मग तो तासन्तास तसाच उभा. दोन पायांच्या रोबोला नुसतं उभं राहायलाही मोटरांतून करंट सोडत राहावा लागतो. कॉर्नेल आणि इतर विद्यापीठांच्या संशोधकांनी २००५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अंदाज मांडला होता, की तेवढंच वजन तेवढंच अंतर न्यायला आसिमोला माणसाच्या पंधरा-सोळा पट ऊर्जा लागते.

तेव्हा सपाट लादी, रॅम्प, लिफ्ट असलेल्या जागी, म्हणजे कारखाना, गोदाम, मोठं रुग्णालय, इथे पाय कशाला? चाकांच्या गाडीवर दोन हात बसवा. पायांवर खर्च होणारी हुशारी बोटांवर खर्च करा. अडलंय ते तिथे. माणसाच्या तळहाताच्या आणि बोटांच्या कातडीत स्पर्श ओळखणारे सुमारे १७ हजार संवेदक असतात. माझ्याकडचा महागातला महाग ग्रिपर, म्हणजे आर्मचा पंजा, रबरी वॉशर नीट बसला की तिरपा बसला, हे धड सांगू शकत नाही.

---

सुमिदाकाठचा

गिअरबॉक्स, मांडणी चोख आहे, निष्कर्ष अजिबात पटला नाही.

पहिलं पोमोनाचंच. दुसरा नंबर फ्लोरिडाच्या आयएचएमसी संस्थेचा. त्यांचा अ‍ॅटलास रोबो निव्वळ दोन पायांवर चालणारा, कुठेही चाक नाही. त्याने आठच्या आठ कामं केली, वेळ ५० मिनिटं २६ सेकंद. म्हणजे ह्युबोपेक्षा सहा मिनिटं उशिरा. आठही कामं जमलेले संघ तीनच होते आणि त्यांतला एक पूर्ण पायांवरचा. तुम्ही पहिला नंबर सांगितलात, दुसरा गाळलात. आणि ह्युबोचे पाय काढून टाकले असते तर तो जिना कसा चढला असता?

दुसरं, होंडाने कारखान्यासाठी पाय केलेच नव्हते. आसिमोची १२० सेंटिमीटर उंची ठरवताना दाराची मूठ, दिव्याचं बटण, टेबल यांपर्यंत हात पोचायला हवा हा हिशोब होता. घर डोळ्यांसमोर होतं. मी गेली बरीच वर्षं तोक्योत राहतो. इथल्या घरात शिरताना दाराशी बूट काढून एक पायरी चढूनच आत जायचं असतं. जुन्या दुमजली घरांतला जिना इतका अरुंद आणि उभा, की सामान वर न्यायचं तर दोन माणसं लागतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची संख्या इथे प्रचंड. त्यांना "रॅम्प बांधा, लिफ्ट बसवा" असं सांगणार का? चाकांचं यंत्र त्या पहिल्या पायरीशीच थांबतं.

तिसरं, 'हट्ट' म्हणताना त्यामागचं काम बघा. वासेदा विद्यापीठात इचिरो कातो यांनी १९७३ मध्ये पहिला पूर्ण मानवाकृती रोबो, वाबोट-१, उभा केला. होंडाने १९८६ मध्ये सुरुवात केली तेव्हा त्यांच्या ई-शून्य या नुसत्या पायांच्या जोडीला एक पाऊल टाकायला जवळजवळ पाच सेकंद लागत. एका पायावर पूर्ण तोल घ्यायचा, मगच दुसरा उचलायचा. तिथून दहा वर्षं बाहेर अवाक्षर न काढता काम केलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये पी-टू दाखवला: १८२ सेंटिमीटर, २१० किलो, जिना चढणारा. जगभरातल्या प्रयोगशाळांना त्या दिवशी कळलं की हे होऊ शकतं.

हे चालणं ज्या गणितावर उभं होतं ते बेलग्रेडच्या मिओमिर वुकोब्रातोविच यांचं. तळपायाखाली एक असा बिंदू काढायचा, की जमिनीचा सगळा रेटा तिथे एकवटला असं मानलं तर शरीर कलंडत नाही. तो बिंदू तळव्याच्या आत राहील अशी प्रत्येक हालचाल आखायची. बिंदू कडेला गेला की पाऊल काठावर उचलतं आणि रोबो कलंडतो. १९७०च्या आसपास मांडलेला हा विचार दशकांनंतर रोबोंत उतरला. कारखान्याच्या मालकाने गिऱ्हाईक कोण असं विचारलं असतं तर तो कागदावरच राहिला असता.

---

खगोलवेडा

गिअरबॉक्सशी सहमत. इस्रोने २०२० मध्ये अंतराळयानात पाठवायची रोबो व्योममित्र लोकांसमोर आणली तेव्हा ती कमरेच्या वरच मानवाकृती होती. यानात बसून कळा दाबायच्या, पॅनेल वाचायचं, तर पाय नकोतच. कामाकडे बघून शरीर ठरवलं. असंच व्हायला हवं.

---

ओरेगॉनी

सुमिदाकाठच्यांनी जुना इतिहास छान दिला, पण दोघंही २०१५च्या आसपास थांबलात असं वाटतं. त्यानंतर चालण्याची पद्धत मुळातूनच बदलली. मी अमेरिकेत ओरेगॉनमध्ये कंट्रोलच, म्हणजे यंत्रांच्या हालचालींचं नियंत्रण, शिकतो, म्हणून थोडं तपशिलात लिहितो.

वुकोब्रातोविच यांच्या पद्धतीत पाऊल कुठे पडणार, किती वेळ टिकणार, हे आधी आखलेलं असतं. लादी अर्धा सेंटिमीटर वर-खाली निघाली तरी आखणी चुकते. म्हणून ते रोबो गुडघे वाकवून, जपून, सपाट पावलं टाकत चालायचे. तळहातावर काठी उभी धरताना आपण ती कुठे झुकेल हे आधी आखत नाही, झुकेल तसा हात नेतो. पाय तसा नेता यायला हवा. मार्क रेबर्ट यांनी १९८०च्या दशकात एका पायावर उड्या मारणारं यंत्र करून हे दाखवलं. ते थांबलं की पडायचं, उड्या मारत राहिलं तरच उभं. बोस्टन डायनॅमिक्स ही कंपनी त्यांनीच १९९२ मध्ये काढली. तिच्याच अ‍ॅटलासने २०१७ मध्ये उलटी कोलांटी मारली तिची मुळं त्या एका पायात आहेत.

गेल्या सात-आठ वर्षांतला बदल आणखी वेगळा. आता चालणं कुणी आखून देत नाही, ते शिकवलं जातं. संगणकात रोबोच्या हजारो प्रती एकाच वेळी सोडायच्या. पडला की गुण वजा, सांगितलेल्या वेगाने पुढे गेला की गुण जमा, वीज जास्त खाल्ली की पुन्हा वजा. मुद्दाम त्रासही द्यायचा: एका प्रतीला निसरडी जमीन, दुसरीला दोन किलो जास्त वजन, तिसरीची मोटर थोडी अशक्त, चौथीला मधेच धक्का. खऱ्या जगातला रोबो आपल्या गणितातल्या रोबोसारखा कधीच नसतो. पण इतक्या तऱ्हांत तगलेलं नियंत्रण खऱ्या रोबोत भरलं की त्याला खरं जगही त्यातलीच एक तऱ्हा वाटते.

आमच्या विद्यापीठातली कॅसी हे याचं उदाहरण. नुसते पाय, शहामृगासारखे मागे वळणारे. तिने २०२१ मध्ये कॅमेरा नसताना, म्हणजे पुढे पायरी आहे हे न दिसता, जिने चढून दाखवले. पाऊल ठेचकाळलं की तेवढ्यात उचलून वर टाकायचं. त्याच वर्षी ती पाच किलोमीटर धावली, एका चार्जवर, त्रेपन्न मिनिटांच्या आसपास. २०२२ मध्ये १०० मीटर २४.७३ सेकंदांत. उभ्याने सुरुवात आणि धावून झाल्यावर पुन्हा उभं राहणं, न पडता. यातलं अवघड काय असेल तर ते शेवटचं थांबणं.

आणि किंमत. २०१३चा अ‍ॅटलास दीडशे किलोचा, हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा. त्याच्या जवळ जायचं तर संशोधन संस्थाच हवी. २०२४ मध्ये चीनच्या युनिट्री कंपनीने जी-वन हा दोन पायांचा रोबो १६ हजार डॉलरला जाहीर केला. उंची सव्वा मीटरच्या थोडी वर, वजन ३५ किलो. चीनमधल्या ड्रोन आणि विजेच्या गाड्यांच्या पसाऱ्यामुळे मोटरा, बॅटऱ्या, मोटरांना करंट पुरवणारी सर्किटं स्वस्त झाली त्याचा हा परिणाम. गिअरबॉक्सदादा, तुम्ही दिलेला पंधरापट ऊर्जेचा आकडा गुडघे वाकवून चालणाऱ्या आसिमोचा आहे. त्यावरून आजच्या यंत्राला नापास करू नका.

---

गिअरबॉक्स

ओरेगॉनी, शिकवण्याची पद्धत छान समजावलीत. ऊर्जेचा आकडा सोडून देऊ हवं तर. माझा त्याहून मोठा आक्षेप राहिलाच आहे, आणि तो मला रोज हाताळावा लागतो: थांबवणं.

आमच्या प्रत्येक सेलवर, म्हणजे जाळीने बंद केलेल्या आर्मच्या जागेवर, लाल बटण असतं. ते दाबलं, किंवा जाळीचं दार उघडलं, किंवा लाइट कर्टनमध्ये, म्हणजे प्रकाशकिरणांच्या पडद्यात, कुणाचा हात गेला, की मोटरांची वीज तुटते आणि ब्रेक बसतात. आर्म जिथे असेल तिथे गोठतो. सगळी सुरक्षितता या एका गृहीतावर उभी आहे: वीज काढली की यंत्र निरुपद्रवी होतं. नवीन माणूस लाइनवर आला की आम्ही त्याला आधी हेच शिकवतो. काही विचित्र दिसलं तर विचार करू नको, बटण दाब.

दोन पायांच्या रोबोचं बटण दाबलं तर काय होईल? तो कोसळेल. साठ-सत्तर किलोचं धातूचं धूड, शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या अंगावर. आणि बटण न दाबता त्याला तोल सावरू दिला, तर तोल सावरताना तो हातपाय कुठेही झटक्यात फेकणार. पॅकबॉट बनवणाऱ्या आयरोबोटचे सहसंस्थापक रॉडनी ब्रुक्स यांनी २०२५ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की पूर्ण उंचीच्या चालत्या रोबोच्या तीन मीटरच्या आत जाऊ नका. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, आणि पडताना बाहेर पडणारी ऊर्जा त्याहूनही वाढते. छोटा रोबो पडताना गोंडस दिसतो, म्हणून मोठाही तसाच पडेल असं समजू नये. हा त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. तोल सावरत उभ्या राहणाऱ्या औद्योगिक रोबोंसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं वेगळं मानक अजून तयार होतंय. म्हणजे नियमच नाहीत आणि आपण माणसांत सोडायच्या गोष्टी करतोय.

अमेरिकेत जॉर्जियातल्या गोदामात २०२४ पासून डिजिट नावाचा रोबो पैसे घेऊन खोकी हलवतो. त्यालाही माणसांपासून वेगळ्या राखलेल्या जागेत ठेवलंय. मग पुन्हा तेच. जागा वेगळी करायचीच, लादी सपाट आहेच, तर तिथे पाय कशासाठी?

---

टाचचवडा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. अर्धांगवायूचे आणि पाय गमावलेले पेशंट बघते. तुम्ही सगळे रोबोच्या बाजूने चालण्याकडे बघताय, मी उलट बाजूने लिहिते.

चालताना आपण पाय सतत स्नायूंनी ढकलत नसतो. टेकलेल्या पायावरून शरीर पुढे झुकतं, मागचा पाय मोकळा झोका घेऊन पुढे येतो. त्याला सुरुवातीला थोडा धक्का लागतो, पुढचं काम वजन आणि सांध्यांची ठेवणच करते. कॅनडात टॅड मॅकगीर यांनी १९९० मध्ये मोटर नसलेले, संगणक नसलेले पाय मंद उतारावर सोडून दाखवले. ते आपोआप चालत गेले, गुडघे वळवत. हा व्हिडिओ मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवते. हाच विचार घेऊन कॉर्नेलच्या अँडी रुइना यांच्या गटाने रेंजर केला. तो मे २०११ मध्ये एका चार्जवर ६५ किलोमीटर चालला, मधे कुणी हात न लावता. त्याला जिना चढता येत नाही, तो दिसतोही माणसासारखा नाही. पण चालणं म्हणजे काय हे त्याने आसिमोपेक्षा जास्त शिकवलं, असं माझं मत.

आता मांडीतून पाय गेलेला पेशंट जिना उतरताना बघा. धडधाकट माणूस पुढचा पाय खालच्या पायरीवर ठेवताना मागचा गुडघा हळूहळू सोडतो. साध्या कृत्रिम पायाचा गुडघा हळूहळू सुटत नाही. तो ताठ तरी असतो नाहीतर एकदम दुमडतो. म्हणून माणूस कठड्याला दोन्ही हातांनी धरून, चांगला पाय वरच्या पायरीवर ठेवून, एकेक पायरी उतरतो. तरणाताठा मुलगा जिन्याच्या तोंडाशी थबकतो तेव्हा फार वाईट वाटतं. प्रोसेसरवाले गुडघे हे काम करतात, गुडघा किती वेगाने सोडायचा ते दर क्षणाला ठरवतात. एमआयटीतले ह्यू हर यांचे स्वतःचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापलेले आहेत. त्यांनी केलेला मोटरचा घोटा चवड्याने जमिनीला रेटा देतो, तो रेटा साध्या पायात मिळत नाही. होंडाने आसिमोच्या अभ्यासातूनच कमरेला बांधायचं चालण्याचं साहाय्यक यंत्र काढलं, जपानमध्ये ते पुनर्वसनासाठी वापरतात. आणि सुमिदाकाठच्यांनी ज्यांचं नाव घेतलं त्या वुकोब्रातोविच यांनी त्याच सुमाराला बेलग्रेडमध्ये पाय लुळे पडलेल्यांसाठी अंगावर चढवायचे मोटरचे सांगाडे केले होते. चालण्याच्या संशोधनाची सुरुवात पेशंटपासूनही झाली होती हे विसरलं जातं.

त्यामुळे गिअरबॉक्स, "पायांवर खर्च होणारी हुशारी बोटांवर खर्च करा" हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. माझ्या पेशंटला चाकं लावता येत नाहीत. व्हीलचेअर आहे, पण आपल्याकडच्या किती इमारतींत ती दारापर्यंत पोचते?

सुमिदाकाठच्यांशीही मतभेद आहे. म्हाताऱ्या माणसाला पलंगावरून खुर्चीत उचलून ठेवणं हे शुश्रूषेतलं सगळ्यात कठीण, कंबर मोडणारं काम. जपानच्या रिकेन संस्थेने त्यासाठी २०१५ मध्ये रोबेअर केला तो रुंद बैठकीचा, चाकांवरचा. पेशंट हातात असताना तोल जाऊ शकेल असं यंत्र मी माझ्या वॉर्डात येऊ देणार नाही. चालण्याचं ज्ञान हवं आहे, खूप हवं आहे. ते आधी माणसाच्या पायात जाऊ द्या.

---

सुमिदाकाठचा

ताई, रोबेअरचं म्हणणं रास्त. उचलायचं काम दोन पायांच्या रोबोला देऊ नये. पण वरच्या मजल्यावरून औषध आणणं, रात्री कुणी पडलं तर जिना चढून जाऊन बघणं, अशी कामं उचलण्याइतकी जोखमीची नाहीत आणि एकट्या माणसाला तीच अडतात. शिवाय, आधी माणसाच्या पायात मग रोबोत, अशी रांग लावता येत नाही. होंडाने मानवाकृतीचा ध्यास घेतला नसता तर ते कमरेचं यंत्रही आलं नसतं. ज्ञान कुठल्या वाटेने कुणाला लागू होईल हे आधी कळत नाही.

---

शेडवाला

भोसरीत छोटं युनिट आहे. धातूचे भाग कापणारी यंत्रं: तीन सीएनसी, एक व्हीएमसी, दोन जुने लेथ. गिअरबॉक्स साहेब मोठ्या लाइनींचं बोलतात, आमची गोष्ट वेगळी.

आर्म बसवायचा म्हणजे भाग पकडून ठेवणारं फिक्स्चर, कन्व्हेअर, जाळी, प्रोग्रॅम. एकच जॉब वर्षभर चालणार असेल तर परवडतं. आमच्याकडे आज हा फ्लँज, परवा ती बुश, पुढच्या आठवड्यात तिसरंच. दर वेळी सेल कोण बदलणार? यंत्रं माणसाच्या वाटेने मांडली आहेत, मधे एक पायरी आहे कारण शेड दोन टप्प्यांत बांधली, कच्चा माल पोटमाळ्यावर. चाकाची गाडी त्या पायरीला अडते. हेल्पर टिकत नाहीत. रात्रपाळीला तर मिळतच नाहीत. हेल्परच्या जागी उभं राहील, ट्रे उचलून आणेल, दार उघडून जॉब लावेल असं काही तेरा-चौदा लाखांत येणार असेल, तर शेड न बदलता काम होईल. मला तरी ते आर्मपेक्षा सोपं वाटतं. मोठ्यांना पाय नकोत, लहानांना हवेत. असं का नसावं?

---

गिअरबॉक्स

शेडवाले साहेब, पायरीचा मुद्दा मान्य. पण त्या सोळा हजार डॉलरच्या जी-वनचा हात दोन-तीन किलो पेलतो. तुमचा भरलेला ट्रे किती किलोचा? बॅटरी दोन तास. आणि लेथच्या पुढ्यातली लादी आठवा. यंत्र थंड ठेवणारं कूलंट सांडलेलं, त्यावर बुर, म्हणजे धातूचा कीस. चांगल्या बुटांतला माणूसही तिथे जपून पाय टाकतो. त्या पायरीवर वीटकाम करून रॅम्प घालायला एक दिवस लागेल.

---

निशिगंध

इतकी तांत्रिक चर्चा झाली, पण रोबो माणसासारखाच का हवाय, हा प्रश्न बाजूला पडला. शेडवाल्यांनी तो नकळत सांगितला: "हेल्परच्या जागी उभं राहील." मानवाकृतीचं खरं आकर्षण हेच आहे. काही न बदलता माणूस काढून ते ठेवायचं.

आणि माणूस खरंच निघतो का? ऑक्टोबर २०२४ मध्ये टेस्लाच्या कार्यक्रमात पेयं देणारे, गप्पा मारणारे ऑप्टिमस रोबो बऱ्याच अंशी दूर बसलेली माणसं चालवत होती. २०२५ मध्ये वन-एक्स कंपनीने निओ हा घरकामाचा रोबो २० हजार डॉलरला जाहीर केला. त्याला न जमणारं काम दुरून माणूस त्याच्या डोळ्यांनी बघून करणार, अशीच योजना सांगितली. चालणं यंत्राचं, काम माणसाचं, आणि तो माणूस दिसत नाही. आपल्याकडे तमिळनाडूत करूरला तरुण पोरं डोक्याला कॅमेरा बांधून टॉवेलच्या घड्या घालतात, म्हणजे कुठल्यातरी रोबोला ते शिकता यावं. त्या पोरांच्या हातांचं कसब कुणाच्या मालकीचं होणार? घरात फिरणाऱ्या कॅमेऱ्यातून कोण बघणार? घरकामाच्या बायकांना अजून धड किमान वेतन आणि रजा मिळवून देता आली नाही, आणि आपण त्यांच्या जागी चालणारं यंत्र आणायची भाषा करतोय. मला हे मनापासून खुपतं.

यंत्र हवंच असेल तर जिथे माणूस मरतो तिथे आधी द्या. केरळच्या जेनरोबोटिक्सच्या तरुणांनी २०१८ मध्ये बँडिकूट आणला. मॅनहोलच्या तोंडावर उभं राहून आत हात सोडणारं यंत्र. माणसासारखं अजिबात दिसत नाही. आपल्या शहरांत अजूनही माणसं गटारात उतरतात आणि विषारी वायूने जातात. तिथे कुणी कोलांटी मारून दाखवायची गरज नाही.

---

ओरेगॉनी

निशिगंध ताई, दुरून चालवण्याबद्दलचा राग पूर्ण पटतो. कंपन्यांनी प्रत्येक चित्रफितीवर 'माणूस चालवतोय' किंवा 'आपोआप' असं ठळक लिहायलाच हवं, ही मागणी आमच्या क्षेत्रातले बरेच लोकही करतात. पण बँडिकूट की मानवाकृती, असं निवडायला लागत नाही. गटारात उतरायला जे लागतं ते करावं, जिन्यासाठी जे लागतं ते करावं. बँडिकूट मागे पडत असेल तर त्याचं कारण नगरपालिकांचं बजेट आहे. बीजिंगमधल्या शर्यतीमुळे ते अडलेलं नाही.

गिअरबॉक्सदादा, थांबवण्याचा तुमचा आक्षेप मात्र या धाग्यातला सगळ्यात जड आहे. त्यावर सध्या जे चाललंय ते सांगतो. बटणाचे दोन टप्पे करायचे. पहिल्यात वीज तोडायची नाही, रोबोने एक-दोन सेकंदांत गुडघे वाकवून खाली बसायचं आणि मग मोटरा बंद. दुसरा टप्पा पूर्ण तोड, जाळीच्या आतच वापरायचा. बॅटरी गेली तर एवढं बसण्यापुरती वेगळी छोटी बॅटरी. शिवाय पडायचं कसं हेही शिकवता येतं: माणूस नसेल त्या बाजूला, गुडघे मिटून, कमी उंचीवरून. हे सगळं प्रयोगशाळेत होतं. पण पाय घसरलेला असताना, एक पाय हवेत असताना बटण दाबलं, तरी प्रत्येक वेळी बसेलच, अशी खात्री आज कुणी लिहून देऊ शकत नाही.

---

गिअरबॉक्स

मला तेच लिहून हवंय. वीज तोडल्यावर तो शेजारच्या माणसाला न लागता खाली बसतो, कुठल्याही क्षणी, कुठल्याही पावलावर, एवढं मानकात आलं आणि तपासणी करणाऱ्याने सही केली, तर मी स्वतः पहिला सेल लावून देईन. जाळी न लावता. तोपर्यंत माझ्या लाइनवर चाकं.

---

शेडवाला

कूलंटच्या लादीवरची चाचणी मात्र खऱ्या शेडमध्ये झाली पाहिजे, फरशी पुसलेल्या प्रयोगशाळेत नको. रविवारी आमचं युनिट बंद असतं. ओरेगॉनी, सुट्टीत इकडे आलात आणि कुणाकडून रोबो मिळवता आला तर घेऊन या. लादी पुसणार नाही, बुर तशीच ठेवतो. गिअरबॉक्स साहेब, लाल बटण तुमच्या हातात.